पाण्याची ओटी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. सोलापूरहून निघताना माझ्या लेकीनं, अपीनं, गळ्याला जी मिठी मारली ती सुटता सुटेना, आणि सत्यजीत गाडी हलेपर्यंत खिडकीतून सूचनाच देत होता. नवऱ्याला वाटतं मी लढाईवरच चाललेय. दौंडला उतरले, स्टेशनबाहेर कांदाभजी खाल्ली, चहा घेतला, तेवढ्यात मळ्याचे मालक मारुतराव जीप घेऊन हजर. न्हावऱ्यापर्यंत रस्ता चांगला आहे. पुढं मात्र उसातून गाडीवाट. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मध्ये जीपपुरती फट, आणि ती वळत वळत थेट शेततळ्यापाशी येऊन संपते. तळ्याला लागून घर. मला जागा बघताक्षणी आवडली.

मी का आले ते इथं लिहून ठेवते, म्हणजे अहवालाच्या वेळी डोकं खाजवायला नको. क्रेफिश हा गोड्या पाण्यातला प्राणी, खेकडा आणि कोळंबी यांच्या मधला. पुढं दोन नांग्या, मागं पंख्यासारखी शेपटी. आपल्या नद्यांत तो मुळात नाहीच. मारुतरावांच्या पप्पूनं काही वर्षांपूर्वी पुण्यातून शोभेच्या काचपेटीसाठी एकच आणला, कंटाळा आल्यावर तळ्यात सोडून दिला आणि स्वतः कंपनीत नोकरीला निघून गेला. आज तळं भरलंय. या जातीत नर नसतातच. मादी एकटीच अंडी घालते आणि प्रत्येक पिल्लू हुबेहूब आई असतं. म्हणजे एक जरी बाहेर निसटली तरी पुरे. ती तळ्याचा बांध ओलांडून ओढ्यात, ओढ्यातून नदीत गेलीय का, एवढंच मला तीन आठवड्यांत शोधायचं आहे.

विठाबाईंनी, म्हणजे मारुतरावांच्या बायकोनं, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाहुणी म्हणून नव्हे, लेक आली म्हणून. रात्रीच्या जेवणाला शेंगोळी होती. मी लाज सोडून दोनदा मागून घेतली.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापळे लावले. बांबूच्या कामट्यांची टोपली, तोंड रुंद, आत नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं. गंमत अशी की सापळ्याला झाकण नसतं. ज्या भोकातून प्राणी आत येतो ते भोक तसंच उघडं असतं. पण ते असतं मधोमध, आणि सुटू बघणारा प्राणी चाचपत राहतो भिंतीला. कडेकडेनं फिरत राहतो, दमतो, आणि थांबतो.

आमिष म्हणून मासळीची डोकी घातली. पण खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं आमिष म्हणजे आत आधीच सापडलेली एखादी मादी. पिल्लं आईच्या वासावर परत येतात. ती लांब फेकली गेली तरी येतात.

घरातली दुसरी बाई स्वप्नाली. पंचविशीची असेल. मला ती सून वाटली, पण विठाबाई नुसतं "आपली स्वप्नाली" म्हणतात. अबोल आहे, कामाला वाघ. अपीच्या शाळेचं स्नेहसंमेलन बावीस तारखेला आहे, त्यात तिला खेकडा व्हायचंय. आई खेकड्यांची डॉक्टर म्हटल्यावर दुसरं काय होणार! तिच्यासाठी लाल कापडाच्या नांग्या शिवतेय, तर स्वप्नाली शेजारी बसून त्यात कापूस भरत होती. तेवढ्या वेळात एकदाच बोलली. विचारलं, लेक ओळखते का तुम्हाला लांबून? मी म्हटलं, अहो, आईला कोण ओळखत नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

तळेगावच्या बाजारातून कासारीण आली होती. विठाबाईंनी माझ्या मनगटात हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. मी नको म्हणून पाहिलं, पण सवाष्णीचे हात रिकामे बघवत नाहीत म्हणाल्या. कासारणीनं माझा पंजा असा काही चेपला की डोळ्यांत पाणी आलं. आता या बाहेर येत नाहीत. आत जाताना जातात, बाहेर यायचं नाव नाही. माझ्या सापळ्याचं तोंडच की हे! सांगितलं तर दोघी हसल्या नाहीत.

विठाबाईंचं माहेर तळेगाव ढमढेरे. एवढं जवळ असून तुम्ही जात कशा नाही, असं विचारलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कशाला जाऊ? म्हायेरी मी हायच की." फार गमतीशीर बाई आहेत. अपीला फोनवर हे सांगितलं तर तिला काही कळलं नाही.

इथली बोली कानाला गोड लागते. मला पटकन उचलता येते, त्यावरून सत्यजीत फोनवर चिडवतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज काही तरी विचित्र झालं. नीट लिहिते.

काल तळ्यातल्या सापळ्यात सापडलेल्या एका मादीच्या पाठीवर मी खूण केली. आम्ही साधं नेलपॉलिश वापरतो, पांढरं. कात टाकेपर्यंत ते टिकतं. ठिपका देताना हात हलला आणि डावीकडं शेपूट निघालं, स्वल्पविरामासारखं. तिला परत सापळ्यात ठेवलं, कारण रात्रभर तिच्या वासावर आणखी येतात का ते बघायचं होतं.

सकाळी ती आत होती. खूण तशीच.

मग बांधापलीकडं ओढ्यातला सापळा उपसला. त्यातही एक मादी. पाठीवर पांढरा ठिपका, डावीकडं शेपूट. डावी मिशी दोघींचीही टोकाला तुटलेली. दोघींना दोन घमेल्यांत घेऊन मी उन्हात बसले. हुबेहूब पिल्लं असतात ही गोष्ट वेगळी. पण नेलपॉलिश आईकडून लेकीकडं जात नाही. कुणी चेष्टा केली म्हणावं तर माझा हात हलला तसा दुसऱ्याचा कसा हलेल?

दोघींत एकच फरक होता. तळ्यातली मलूल होती, पाठ दाबली तर दबत होती. आणि बाहेरच्या ओढ्यातलीनं अंडी धरली होती, शेपटीखाली गच्च.

मला भीती वाटली. कामाच्या ठिकाणी अशी भीती पहिल्यांदाच वाटली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ओढ्यापलीकडच्या माळावर म्हस्कूआबा मेंढरं चारतात. रोज राम राम घालायचे, पण बांधाच्या अलीकडं कधी येत नव्हते. आज मीच ओढा ओलांडून गेले. कवा जाणार, असं त्यांनी विचारलं. वीस-एकवीसला, म्हटलं. आजच जावा, म्हणाले. आणि जाताना काही झालं तरी त्या तळ्याच्या पाण्याला हात लावू नका.

मग स्वप्नालीचं सांगितलं. ती सून नाही, लेकही नाही. ठिबकच्या कंपनीतर्फे तळ्याची मापं घ्यायला आली होती, चार दिवस राहिली. निघाली त्या दिवशी आबा त्याच जीपमध्ये होते, दौंडला मेंढरांचं औषध आणायला. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"माझ्या म्होरं ती रेल्वेत बसली, ताई. हात बी केला. आन् माघारी आलो, तर ही हितं तळ्यावर भांडी घासत हुती."

मी विचारलं, मग तिच्या घरच्यांनी शोध कसा घेतला नाही? त्यांनी काठीनं एक मेंढरू वळवलं. मग म्हणाले, शोधतील कशाला? त्यांची पोरगी घरी पोचली की.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्या निघते. सत्यजीतला फोनवर कळवलं, तो खूश झाला. अपी फोन खेचून घेऊन ओरडली, आई नांग्या आण.

विठाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी अडवलं नाही. मी उगाच धास्तावले होते. जा की बाई, तुला कोण धरतंय, म्हणाल्या. फक्त इथून जाणाऱ्या सवाष्णीनं पाण्याची ओटी भरायची असते. नारळ, खण, मूठभर तांदूळ पाण्याला द्यायचे, मग जीप काढतात. मी म्हटलं मला घाईय. त्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मलाच अपराधी वाटलं. इतके दिवस या बाईच्या हातचं खाल्लं. आमच्याकडंही आई भीमेची ओटी भरल्याशिवाय पूल ओलांडत नसे. तेवढ्यासाठी कुणाचं मन मोडायचं? कडेला उभं राहून नारळ सोडायचा, पाण्याला बोटही लावायचं नाही. भरते म्हणाले.

दुपारी एक वेडेपणा केला. पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका स्वतःच्या मनगटावर लावला, बांगड्यांच्या वर. माझंच मला हसू आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेले नाही.

सकाळी उन्हं चढल्यावर तळ्यावर गेलो. शेततळ्याला काळा कागद अंथरलेला असतो, उतरता, शेवाळानं बुळबुळीत. कुणी पडलं तर वर येता येत नाही म्हणून कडेला गाठी मारलेला दोर सोडून ठेवतात. मी रोज तो धरून सापळे उपसत होते. आज दोर नव्हता, ते माझ्या लक्षात आलं नाही. नारळ सोडायला वाकले आणि पाय गेला.

पोहता येतं मला. पण पोहून जायचं कुठं? चारही बाजूंना तो कागद. हात टेकवला की सरकतो, गुडघा टेकवला की सरकतो. मी कडेकडेनं फिरत राहिले. ओरडले. विठाबाई आणि स्वप्नाली काठावर उभ्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन, आणि बघत होत्या. विठाबाईंच्या हातात दोर होता. पायाला खालून कितीतरी नांग्या लागत होत्या. चावत नव्हत्या, नुसत्या चाचपत होत्या.

किती वेळ गेला कळलं नाही. मी दमून थांबले, तेव्हा दोर आला.

वर काढून त्यांनी मला सतरंजीत गुंडाळलं. अंगाला हळद लावली. मी रडत होते, त्याही रडत होत्या, हे खरं आहे. पण एक गोष्ट मी पाहिली. मला बाहेर घेतल्यावर विठाबाईंनी दोर गुंडाळून ठेवला नाही.

तो परत पाण्यात सोडला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोन पाण्यात गेला. बॅग खोलीत नाही. ही वही गादीखाली होती म्हणून राहिली.

अंग दुखत नाही, पण मऊ झालंय. पेन धरलं की बोटात खड्डा पडतो आणि तसाच राहतो. नखं दाबली की वाकतात. उजेड सोसत नाही. कात टाकलेला प्राणी असाच असतो, मीच वर्गात शिकवते. कवच येईपर्यंत तो दगडाखाली लपतो, कारण बाहेर पडला तर मरेल. माझं कवच येणार आहे का?

माजघराच्या पलीकडच्या खोलीत कुणी तरी आहे. चालतंय. माझ्या चपला आहेत पायात, त्यांचा आवाज मला ओळखू येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज ती गेली.

खिडकीच्या फटीतून पाहिलं. माझा निळा कुर्ता. माझी बॅग. केस मी बांधते तसेच बांधलेले. विठाबाईंनी उंबऱ्यात तिची ओटी भरली, तिनं वाकून नमस्कार केला. मी करते तसाच, एका हातानं ओढणी सावरत. मनगटावर पांढरा ठिपका होता. बॅगेतून लाल नांग्या बाहेर आल्या होत्या.

मी ओरडले. आवाज फुटला नाही, फक्त हवा आली.

जीपमध्ये बसताना तिनं खिडकीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. घरी निघालेल्या बाईचा असतो तसा चेहरा, आनंदी. ते मला सहन होत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

विठाबाईंच्या फोनवर फोटो आला, तो स्वप्नालीनं दाखवला. दया म्हणून दाखवला असावा.

स्टेजवर अपी. लाल नांग्या वर करून हसतेय. शेजारी ती. सत्यजीतचा हात तिच्या खांद्यावर.

मला कुणी शोधणार नाही. कारण मी हरवलेच नाही.

स्वप्नालीला नुसते ओठ हलवून विचारलं, तिच्या घरी आता कोण कोण आहे. ती म्हणाली, मागल्या साली तिला मुलगी झाली. "तिला", असं म्हणाली. मग भांडी घेऊन तळ्याकडं गेली.

बाहेरच्या ओढ्यातलीनं अंडी धरली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पळाले. कुणी अडवलं नाही, दारही उघडंच होतं. गाडीवाट धरली नाही, तिथं जीप येईल म्हणून. उसात शिरले. पाती लागली की कातडी उलते, रक्त येत नाही, पाणी येतं. तळवे फाटले. उसाच्या कडेनं चालत राहिले, कडेनं, कडेनं, आणि ऊस संपला तेव्हा समोर तळं. परत गेले. परत तळं.

ओढ्यापलीकडं म्हस्कूआबा दिसले. मी हात केला, बांगड्या वाजवल्या. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घोंगडी तोंडावर ओढून घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्ही दौंडला गेलात, ताई. मी हुतो की जीपमदी."

मेंढरं वळवून घेऊन गेले. त्यांचा राग येत नाही. त्यांनी सांगितलं होतं.

२७ फेब्रुवारी

अपीच्या बाईंचं नाव आठवेना. आमच्या गल्लीचं नाव आठवलं, मग गेलं.

वर एक ओळ लिहिली होती, ती खोडली. "मला जायाचं हाय" असं लिहिलं होतं. मी असं लिहीत नाही. मी असं लिहीत न्हा—

अपी. माझी अपेक्षा. अपेक्षा. अपेक्षा. डाव्या गालावर तीळ. भात कालवून दिला की खाते, चपाती नको म्हणते. हे जाऊ द्यायचं नाही.

१ मार्च

घर सारवतायत. पुरण शिजतंय. पाहुणे येणार. विठाबाई माझी वेणी घालत बसल्या, मायेनं. खरंच मायेनं. म्हणाल्या, उद्या लेक येतीया. ती म्हणतीया, तळं दावते पोरीला. पोरगी बी लय मागं लागलीया, आईचे खेकडे बघायचे म्हणून.

मी त्यांचे पाय धरले. माझी लेक नको, म्हटलं. आवाज येत नाही, ओठ हलले तेवढेच. त्यांना कळलं. त्यांनी माझे डोळे पुसले.

"तू हायस म्हणून ती येतीया, बाई. आम्ही न्हाई बोलावली."

आत आधीच सापडलेली मादी. पिल्लं वासावर येतात.

मी आमिष आहे.

२ मार्च, रविवार

सकाळपासून घसा ताणतेय. थोडा आवाज येतो. पहिल्यांदाच.

दोर काठावर नाही.

जीप आली. ती उतरली, निळा कुर्ता. पोटावर हात. सत्यजीत नाही. अपी—

अपीनं नांग्या घातल्यात. त्या घालूनच आली. उंच झालीय का जरा

ती अपीचा हात धरते. अपी सोडवून घेते. पुन्हा धरते, पुन्हा सोडवते. तिला कळलंय. माझ्या पोरीला कळलंय!

इकडं तिकडं बघतेय. नाक वर करून. आई, म्हणाली. तिच्याकडं न बघता म्हणाली.

खिडकीकडं बघतेय.

मधे तळं आहे. सरळ आली तर काळा कागद. विठाबाईंच्या हातात नारळ, खण. त्या तिला पाण्याकडं न्यायला वाकल्या. थांब म्हणून ओरडले तर माझा आवाज ऐकून ती पळत येईल, सरळ, मधून. नाही ओरडले तर त्या तिला हाताला धरून—

अपी, तिथंच

आवाज आहे. आहे. एकदाच निघेल. हाक मारू की